इजिप्तच्या कांस्यदेवता: चेहरा नंतर, आधी तळ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. युरोपातल्या एका संग्रहालयात इजिप्तच्या वीतभर उंचीच्या कांस्यमूर्तींनी भरलेलं कपाट पाहिलं. त्यातल्या निम्म्या ओसायरिस या देवाच्या, आणि त्याही एकसारख्या. या मूर्तींची देवळात पूजा व्हायची का? इतक्या संख्येनं त्या उरल्या कशा? पायाखाली ती खुंटी कसली? आणि शेवटी घरचा प्रश्न: आजोबांनी जहाजाच्या प्रवासात पोर्ट सईदला घेतलेली कांस्याची मांजर घरात आहे, तिच्यावर हिरवी पूड येते आहे, चिंच लावून घासली तर चालेल का?

शेवटच्याचं उत्तर आधीच देऊन टाकते: चिंच नको, लिंबू नको, भांड्यांची पावडर तर मुळीच नको. कारण पुढे येईलच.

मी धातूच्या जुन्या वस्तूंच्या संवर्धनाचं काम करते. या कामात एक सवय अंगवळणी पडते. मूर्ती टेबलावर आली की चेहऱ्याकडे सगळ्यांत शेवटी बघायचं. आधी ती हलक्या हातानं आडवी करून तळ बघायचा, मग पाठ, मग आत पोकळी असेल तर तिच्यात काय आहे ते. देव कोणता हे मुकुटावरून कुणीही सरावानं सांगेल. ती वस्तू देवळात नेमकं काय काम करत होती, हे मात्र चेहरा सांगत नाही. तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं न दिसणाऱ्या बाजूंवर आहेत.

पूजेचं आधी बघू. इजिप्तच्या देवळात सामान्य माणसाला आतपर्यंत प्रवेश नव्हता. गाभाऱ्यात देव्हारा, त्याला दारं, दारांना अडसर, अडसराला बांधलेली दोरी आणि तिच्यावर मातीची मोहर. रोज सकाळी पुजारी मोहर फोडून दारं उघडायचा. पुढचा नित्योपचार अबायडोसच्या सेती पहिल्याच्या देवळात भिंतींवर कोरलेला आहे: देवापुढे लोटांगण, धूप, आदल्या दिवशीची वस्त्रं उतरवणं, पाणी, सुगंधी तेल, नवी वस्त्रं. नैवेद्य व्हायचा. बाहेर पडताना पुजारी स्वतःच्या पावलांचे ठसे झाडूनं पुसत मागे यायचा. हे सगळं ज्या मूर्तीसाठी, ती बहुधा सोन्याची, चांदीची, नाहीतर सोन्यानं मढवलेली असे. देवांचं मांस सोन्याचं, हाडं चांदीची आणि केस निळ्या लाजवर्द दगडाचे, असं त्यांच्या धर्मग्रंथांत म्हटलंय, आणि कारागीर ते शब्दशः घेत. जपानच्या मिहो संग्रहालयात बहिरी ससाण्याच्या तोंडाच्या देवाची भरीव चांदीची बसलेली मूर्ती आहे. उंची जेमतेम ४२ सेंटीमीटर, वजन साडेसोळा किलो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला सोन्याचा अमुन देव तर साडेसतरा सेंटीमीटरचाच आहे. अशा मूर्ती बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, कारण सोनंचांदी कुणी जमिनीत राहू देत नाही. राजवटी बदलल्या, देवळं लुटली गेली, मूर्ती मुशीत गेल्या.

तेव्हा तुम्ही पाहिलेल्या कपाटातल्या बहुतेक मूर्ती गाभाऱ्यातल्या नव्हेत. त्या देवाला वाहिलेल्या आहेत. 'बहुतेक' हा शब्द मी जपून वापरते आहे, कारण ओसायरिसच्या काही मूर्तींना सोन्याचा जाड मुलामा, डोळ्यांत जडाव आणि अंगावर नाजूक कोरीव काम असतं, आणि छोट्या देवळात त्याच पूजेतल्या असू शकतील. धातू हलका म्हणून दर्जा हलका, असं गणित इथे लागू पडत नाही.

काळ साधारण असा. धातूची मूर्ती इजिप्तमध्ये फार जुनी. दुसऱ्या राजघराण्यातल्या खासेखेमवी राजाची तांब्याची मूर्ती केल्याची नोंद पालेर्मोच्या शिलालेखात आहे. सहाव्या घराण्यातल्या पेपी पहिल्याचा तांब्याच्या पत्र्याचा पुतळा हिएराकॉनपोलिसला १८९७-९८ च्या उत्खननात सापडला, तो आज इजिप्तमध्येच आहे. पण आपण ज्याला इजिप्शियन ब्रॉंझ म्हणून ओळखतो त्याची भरभराट इ.स.पू. सुमारे १०७० पासून झाली. इ.स.पू. ६६४ ते ३३२ हा उत्तरकाळ आणि त्यानंतरचा टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांचा काळ, यांत तर अक्षरशः लोंढा आला. कपाटातली गर्दी याच शतकांतली.

आता खुंटी. पायाच्या तळव्यांखालून निघालेली एक किंवा दोन चौकोनी जिभा म्हणजे ती खुंटी. तिचं उघड काम मूर्ती लाकडी, दगडी किंवा कांस्याच्या बैठकीत बसवण्याचं. पण तिची खरी गंमत ओतकामात आहे. मूर्ती पुष्कळदा उलटी, पाय वर करून ओतली जायची. वितळलेला धातू साच्यात ज्या वाटेनं आत जायचा ती वाट पायांशी. धातू थंड झाल्यावर त्या वाटेत उरलेला दांडा इतर ठिकाणी कापून टाकतात, इथे तो तसाच ठेवून तासून खुंटी केली. एका दांड्यात दोन कामं झाली. तळाकडून बघितलं तर खुंटीवर कानशीचे ओरखडे, कधी हवेचे बुडबुडे दिसतात. वर गुळगुळीत झालेला देव आणि खाली कारागिराचा ओबडधोबड हात, दोन्ही एकाच तुकड्यात.

ओतण्याची रीत मेणाची. मेणाचा देव घडवायचा किंवा साच्यातून काढायचा, त्यावर मातीचे लेप द्यायचे, भाजायचं, मेण वाहून गेलं की त्या पोकळीत धातू ओतायचा आणि माती फोडायची. आपल्याकडेही कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात बाराव्या शतकात लिहिलेल्या संस्कृत ग्रंथात हीच रीत मेणाच्या वजनाच्या हिशेबासकट दिलेली आहे, त्यामुळे आपल्या ओताऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मोठी मूर्ती असेल तर मेणाच्या आत वाळू-मातीचा गाभा. तो जागचा हलू नये म्हणून मेणातून आरपार टाचण्या किंवा छोट्या सळया खुपसत, आणि इजिप्तमध्ये त्या कित्येकदा लोखंडी असत. एक्स-रेमध्ये त्या लख्ख दिसतात, आणि कधी एक्स-रेचीही गरज नसते. लोखंड गंजून फुगतं आणि पाठीवर, मांडीवर तांबूस ठिपका उठतो. थीब्जमध्ये रेखमिरे या वजीराच्या थडग्यात, इ.स.पू. पंधराव्या शतकात, कारनाकच्या देवळाच्या दारांसाठी धातू ओतणारे कारागीर रंगवलेत. दोघं जण पायानं भाते दाबतायत, मुशी दोन काठ्यांमध्ये धरून साच्याकडे नेतायत. हे चित्र बघितल्याशिवाय इजिप्तच्या कांस्याविषयी बोलू नये असं मी शिकाऊ मुलांना सांगते.

मिश्रधातूवरूनही वस्तूचा हेतू कळतो. तांब्यात कथील घातलं की कांस्य, पण उत्तरकाळातल्या वाहिलेल्या मूर्तींमध्ये शिसंही भरपूर असतं, काहींत वीस टक्क्यांच्या आसपास. शिशानं धातू पातळ होतो, साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो, आणि ते स्वस्तही पडतं. मोठ्या संख्येनं ओतायच्या मूर्तींना हे सोयीचं. उलट पातळ भिंतीच्या, आतून पोकळ, सोन्या-चांदीचा जडाव असलेल्या मोठ्या मूर्तींना शिसं कमी ठेवत. लूव्रमधली करोमामा ही अशा कामाचा कळस आहे. अमुनची 'देवपत्नी' असलेली ही राजस्त्री सुमारे ५९ सेंटीमीटर उंचीची, अंगभर पंखांची नक्षी, सोनं, चांदी आणि दोन्हींच्या मिश्रणाचा जडाव. चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियननं १८२९ मध्ये ती इजिप्तमध्ये विकत घेतली. तिचे दोन्ही हात पुढे आहेत आणि मुठी रिकाम्या, कारण हातातली सिस्ट्रम, म्हणजे पूजेत वाजवायचे खुळखुळे, हरवली आहेत. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातली ताकुशित पुजारीण याच परंपरेतली. तिच्या वस्त्रावर देवदेवतांच्या रांगा चांदीच्या तारेनं भरल्या आहेत.

काळ्या कांस्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. तांब्यात थोडं सोनं, थोडी चांदी मिसळून वर रासायनिक संस्कार केला की पृष्ठभाग निळसर काळा होतो आणि त्यावर सोन्याची तार विजेसारखी उठते. इजिप्शियन लोक त्याला काळं तांबं म्हणत. जपानी तलवारींच्या मुठींवर दिसणारं शाकुदो हे त्याच जातीचं. अशी मूर्ती एखाद्या उत्साही माणसानं 'स्वच्छ' केली की काळेपणा गेला, आणि तो परत आणता येत नाही. मग कारागिराचा सगळा खटाटोप कशासाठी होता तेच कळेनासं होतं.

आता वाहणारा माणूस. बैठक शाबूत असेल तर तिच्या कडेनं लेख असतो. साचा ठरलेला: ओसायरिस, किंवा जो देव असेल तो, जीवन देवो अमक्याला, अमक्याचा मुलगा, आई अमकी. स्त्रियांनी वाहिलेल्या मूर्तीही आहेत. म्हणजे दात्याचं नाव मूर्तीवर नसून पुष्कळदा बैठकीवर आहे, आणि बैठक लाकडाची असेल तर वाळवीनं खाल्ली. खुंटीसकट मूर्ती उरली, दाता गेला. संग्रहालयात ज्याला आपण निनावी ओसायरिस म्हणतो त्यांच्यातले कितीतरी निनावी नव्हतेच. म्हणून तळाला चिकटलेली लाकडाची धूळ, डांबरासारखा काळा थर, प्लास्टरचा कण, यातलं काहीही मी धुऊन टाकू देत नाही.

ओसायरिसच इतके का? तो मृतांचा राजा, मरून पुन्हा उठलेला, त्यामुळे प्रत्येकाला त्याच्याकडे काही ना काही मागायचं होतं. शिवाय घडण सोपी. गुंडाळलेलं शरीर, जुळलेले पाय, छातीवर आकडीची काठी आणि चाबूक, डोक्यावर पिसांचा मुकुट. बाहेर आलेला हात नाही, पुढे टाकलेलं पाऊल नाही, ओतताना काही अर्धवट राहण्याचा धोका कमी. हात एकमेकांवर, एकाखाली एक की समोरासमोर, यावरून मूर्ती कोणत्या प्रांतातली ते सांगण्याची एक जुनी पद्धत आहे. अंदाजाला ठीक, पण मी तरी तेवढ्यावर विसंबून चिठ्ठी लिहिणार नाही.

ओसायरिसच्या मूर्ती जिथल्या तिथे सापडल्याचं उत्तम उदाहरण खर्गा मरूद्यानातल्या ऐन मनाविरचं. फारसी सत्तेच्या काळातलं, इ.स.पू. पाचव्या शतकातलं हे खेड्याचं देऊळ. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना तिथे ओसायरिसच्या तीनशेहून जास्त कांस्यमूर्ती मिळाल्या. वाळवंटातलं, भुयारी कालव्यांच्या पाण्यावर जगणारं शेतकऱ्यांचं गाव, आणि एवढा धातू. तांबं आणि कथील दोन्ही तिथे बाहेरून यायचं. म्हणजे वीतभर मूर्ती वाहणं हा त्या घरासाठी लहान खर्च नव्हता.

पोकळीकडे येऊ, कारण इथे विषय सगळ्यांत रंगतो. पुष्कळ कांस्यवस्तू म्हणजे मुळात प्राण्यांच्या ममी ठेवायच्या पेट्या आहेत. चौकोनी डबी, वर सरडा. किंवा वर माणसाचं तोंड आणि सापासारखं अंग असलेला वाम मासा, डोक्यावर दुहेरी मुकुट. हा अतुम देव. चिचुंदरी असेल तर ती वेगळ्या देवाची. सिंहमुखी वाजेत देवीची बसलेली मूर्ती असेल तर तिच्या सिंहासनाच्या पोकळीत मुंगसाची ममी ठेवलेली सापडते. मांजरीच्या पोकळ मूर्तीत मांजरीची. आत खरंच काही आहे की नाही, हे फोडल्याशिवाय कळत नसे. एक्स-रे जाड कांस्यातून, विशेषतः शिशातून, धड जात नाहीत. न्यूट्रॉन जातात, आणि त्यांना धातूपेक्षा आतलं कापड, हाड, राळ चांगलं दिसतं. ब्रिटिश म्युझियमच्या सहा मोहरबंद प्राणिपेट्यांची अशी तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन पेट्यांत हाडं दिसली, त्यांत सरड्याची कवटी, शिवाय लिननच्या कापडाचे अवशेष. ज्या इंग्लिश केंद्रात हे न्यूट्रॉन तयार होतात त्याचं नावच आयसिस आहे, हा योगायोग आमच्या धंद्यात सगळ्यांना आवडतो.

पण मला त्या तपासणीतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. काही पेट्यांना वर कड्या होत्या, म्हणजे त्या टांगायच्या होत्या, भिंतीला किंवा मिरवणुकीच्या नावेला. ज्यांना कड्या नव्हत्या त्यांच्या आत शिसं आढळलं, बहुधा पेटी जड व्हावी आणि नीट बसावी म्हणून. एका पेटीत शिशानं भोकही बुजवलेलं दिसलं. कडी आहे की वजन, एवढ्यावरून ती पेटी देवळात कुठे असायची याचा माग लागतो. वरच्या सरड्याकडे कितीही वेळ बघा, तो हे सांगणार नाही.

या प्राणिपूजेमागे मोठा कारभार होता. कैरोजवळच्या सक्काराच्या दफनभूमीत लाखो आयबिस पक्ष्यांच्या ममी भुयारांत रचून ठेवल्या आहेत. तिथे इ.स.पू. दुसऱ्या शतकात होर नावाच्या एका सेवकानं खापरांवर लिहिलेल्या नोंदी सापडल्या. त्यांत पक्षी पुरण्याच्या कामात चाललेल्या गैरप्रकारांविषयी आहे, आणि 'एका भांड्यात एक देव' असा दंडकही. म्हणजे त्याआधी एका भांड्यात काय काय जात असेल ते ओळखा.

देवांची चित्रं असलेली, पण मूर्ती नसलेली भांडी-उपकरणंही याच कपाटात ठेवलेली असतात आणि लोक ती न बघता पुढे जातात. सितुला म्हणजे कडीची छोटी बादली, तळ स्तनाग्रासारखा निमुळता, त्यावर कमळाच्या पाकळ्या, आणि मधल्या पट्ट्यावर रांगेनं देव. ती टेबलावर उभीच राहत नाही, कारण ती ठेवायची नव्हती. हातात धरून दूध किंवा पाणी ओतायचं होतं. सिस्ट्रम म्हणजे हाथोर देवीचं वाद्य. दांड्यावर तिचा गाईच्या कानांचा चेहरा, वर कमान, कमानीत सळ्या, हलवलं की खुळखुळतं. सळ्या जिथे भोकांतून जातात तिथे झिजलेलं असेल तर ते खरंच वाजवलेलं. झीज नसेल तर वाहण्यापुरतं केलेलं. धूपपात्र लांब हाताच्या आकाराचं असतं, एका टोकाला ससाण्याचं डोकं, दुसऱ्या टोकाला तळहातावर निखाऱ्यांची वाटी, मध्ये धुपाच्या गोळ्यांची डबी. रुंद हारावर देवीचं मुख असलेल्या ढालीसारख्या वस्तू देवाच्या नावेच्या टोकांना लावलेल्या कोरीव चित्रांत दिसतात. आणि सुट्या दाढ्या, पिसं, नाग, मुकुट! ट्रे भरभरून असतात. ते तुटलेले तुकडे नाहीत. देवाचं अंग लाकडाचं होतं, ते कुजलं, फक्त कांस्याचे अलंकार उरले. त्यांच्या मागच्या बाजूची छोटी खुंटी हाच पुरावा.

इतक्या वस्तू उरल्या कशा, याचं उत्तर इजिप्शियन लोकांच्या एका संकोचात आहे. देवाला वाहिलेलं देवाचं झालं. देऊळ भरलं तरी ते बाहेर टाकता येत नाही, आणि सहसा वितळवतही नसत. मग पवित्र आवारातच खड्डा करून पुरायचं. कारनाकमध्ये जॉर्ज लग्रँ यांनी १९०३ पासून सातव्या महाद्वारासमोरच्या अंगणात खोदकाम केलं तेव्हा शेकडो दगडी पुतळ्यांबरोबर सुमारे १७,००० कांस्यवस्तू निघाल्या. जमिनीखालचं पाणी इतकं वर होतं की मजूर चिखलात उभं राहून चाचपत वस्तू काढत. सक्कारात वॉल्टर एमरी १९६४ पासून इम्होतेपची, म्हणजे पायऱ्यांचा पिरॅमिड बांधणाऱ्या आणि पुढे देव मानल्या गेलेल्या माणसाची, कबर शोधत होते. कबर मिळाली नाही, पण पवित्र प्राण्यांची भुयारं आणि पुरून ठेवलेल्या कांस्यमूर्तींचे साठे मिळाले, काही मूर्ती लिननच्या कापडात गुंडाळलेल्या. त्याच सक्कारात, मांजरीच्या देवीच्या, बास्तेतच्या परिसरात, मे २०२२ मध्ये १५० कांस्यमूर्तींचा साठा जाहीर झाला: अनुबिस, अमुन, मिन, ओसायरिस, आयसिस, नेफेरतुम, बास्तेत, हाथोर, आणि डोकं नसलेला इम्होतेप. सिस्ट्रमसकट पूजेची भांडीही त्यात होती.

कापडात गुंडाळलेल्या मूर्तीच्या गंजात कापडाची वीण उमटते. भिंगाखाली ताणाबाण्याचे धागे मोजता येतात, कापड मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच संपलेलं असतं, त्याच्या जागी तांब्याचे क्षार बसलेले. मांडीवर, पाठीवर असा हिरवा जाळीदार चट्टा दिसला तर तो मळ नव्हे. ती मूर्ती आदरानं पुरल्याची एकमेव नोंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या पूर्वार्धात कित्येक संग्रहालयांनी विजेच्या प्रवाहानं मूर्ती पार धातूपर्यंत सोलल्या. चकचकीत झाल्या, पण कापड गेलं, मुलाम्याखालचं पांढरं प्लास्टर गेलं, सोन्याचा वर्ख गेला.

आता तुमची मांजर. बास्तेतचं मुख्य ठाणं नाईलच्या त्रिभुज प्रदेशात बुबास्तिसला. हिरोडोटसनं इ.स.पू. पाचव्या शतकात तिथल्या जत्रेचं वर्णन केलंय: होड्यांतून टाळ्या-बासरीच्या गजरात येणारे लोक, आणि वर्षभरात कधी पीत नाहीत इतकी दारू. कांस्याच्या मांजरींत सर्वांत प्रसिद्ध ब्रिटिश म्युझियममधली गेयर-अँडरसन मांजर, इ.स.पू. सुमारे ६००, कानात-नाकात सोन्याच्या कड्या, छातीवर चांदीची डोळ्याची खूण. बाहेरून निर्दोष दिसते. एक्स-रेमध्ये मात्र मधोमध जवळजवळ पूर्ण वेढा घालणाऱ्या भेगा आहेत, आणि आतल्या आधारामुळे डोकं धडावर टिकलंय. तो आधार तिचे पूर्वीचे मालक मेजर गेयर-अँडरसन यांनी स्वतःच बसवला. तिच्या धातूत सुमारे ८५ टक्के तांबं, १३ टक्के कथील आणि २ टक्के आर्सेनिक.

ही मांजर इतकी गाजली की तिच्या नकला जगभर झाल्या. पोर्ट सईद, सुएझ, कैरोच्या बाजारात जहाजावरच्या प्रवाशांसाठी नकलांचा धंदा त्याहूनही जुना. तेव्हा मन तयार ठेवा. काही गोष्टी घरी बघता येतात. दोन्ही कुशींवरून सरळ रेघ जात असेल तर दोन भागांच्या साच्यातलं आधुनिक ओतकाम असण्याची शक्यता फार. पंजांखाली खुंटी आहे का, की सपाट तळ आणि हिरवं फेल्ट? आत बघता येत असेल तर भिंत सगळीकडे एकसारखी पातळ आहे, की मातीचा जळका गाभा चिकटलाय? पक्की परीक्षा एक्स-रे फ्लुरोसन्सची, म्हणजे क्ष-किरण टाकून धातूत काय काय मिसळलंय ते ओळखण्याची, काही मिनिटांत आणि ओरखडाही न काढता होते. भरपूर जस्त निघालं तर ते पितळ, आणि फेरोंच्या काळातलं इजिप्शियन काम नव्हे. हिरवी पूड हा मात्र जुनेपणाचा पुरावा नाही. विक्रेते नव्या मूर्ती खारट मातीत पुरून हिरव्या करत, आणि अशा मूर्तींनाही तोच रोग लागतो.

तो रोग काय ते सांगते. इजिप्तची माती खारट. क्षारातलं क्लोराइड तांब्याशी जुळून धातूच्या अगदी लगत मेणचट फिकट थरात बसतं. कोरड्या हवेत ते निपचित पडून राहतं. दमट हवा लागली की त्याची फिकट हिरवी, भुसभुशीत पूड होते आणि आम्ल सुटतं, ते आम्ल नवं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइडचा थर. हे चक्र आपोआप थांबत नाही. घट्ट, गडद हिरवा थर निरोगी असतो, तो धातूला सांभाळतो. टोकरल्यावर गळणारी फिकट पूड, लहान खड्ड्यातून परत परत वर येणारी, ती रोगाची. चिंचेचं आम्ल निरोगी थर आधी खातं आणि खाली दडलेलं क्लोराइड उघडं पाडतं. लिंबू-मीठ म्हणजे तर क्लोराइड हातानं चोळून आत घालणं. त्यात मुंबई-कोकणचा पावसाळा, हवेत ओलावा ८० टक्क्यांच्या वर. या मांजरीला हवा ४० टक्क्यांच्या आतला.

म्हणून करायचं ते एवढं. हातमोजे घाला, मऊ कोरड्या ब्रशनं सुटी पूड एका डबीत झाडून घ्या आणि ती टाकू नका, तपासणीला लागेल. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी भरपूर सिलिका जेल, शेजारी आर्द्रता दाखवणारं कार्ड. जेलचा रंग बदलला की ते सुकवून परत ठेवा. लाकडी कपाटात किंवा देवघरात नको. लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिशाला बाधते आणि या धातूत शिसं असू शकतं. तेल, मेण, वॉर्निश लावू नका, ओलावा आत कोंडला जातो. पुढचा उपचार बेन्झोट्रायझोल या गंज रोखणाऱ्या रसायनाचा, आणि तो घरी करायचा नाही. ते रसायन त्रासदायक आहे. धातूचं काम करणारा संवर्धक हवा, मूर्तिदुरुस्ती किंवा पॉलिशवाला नव्हे.

राहता राहिले कागद. इजिप्तनं १९८३ च्या कायद्यानं पुरावस्तूंचा व्यापार बंद केला. त्याआधी तिथे परवाना असलेले विक्रेते होते आणि त्यांच्याकडून घेतलेल्या वस्तू रीतसर बाहेर जात. आजोबांच्या प्रवासाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, दुकानाची चिठोरी, मांजर मागे दिसत असलेला एखादा जुना फोटो, जे सापडेल ते एका पाकिटात ठेवा. एक्स-रे फ्लुरोसन्समध्ये जस्त न निघता कथील-शिसं निघालं, तर संग्रहालयातला माणूस पहिल्यांदा हे पाकीटच मागेल.